कडीबाबा आणि उघडं फाटक

आमच्या घरातून बाहेर पडायला इतरांपेक्षा सात मिनिटं जास्त लागतात. हे मी उगीच अंदाजपंचे सांगत नाही. बसच्या आगारात ड्रायव्हर-कंडक्टरांच्या पाळ्यांचे तक्ते लावणं हे माझं काम आहे, त्यामुळे मिनिटांचा हिशेब अंगातच मुरलाय. ही सात मिनिटं जातात माझ्या सासऱ्यांपायी. दाराला कुलूप लागलं की ते कडी धरून एकदा ओढतात, पुन्हा ओढतात, मग जिना अर्धा उतरून परत वर जातात आणि तिसऱ्यांदा ओढतात. लग्न होऊन आले तेव्हा मला याची गंमत वाटली होती. पुढे सवय झाली, आणि आता नऊ वर्षांनी डोक्याला ताप झालाय. घरात, जिन्यात, गल्लीत सगळे त्यांना कडीबाबा म्हणतात, तोंडावर म्हणतात. तेही हसतात.

सासरे प्राणिसंग्रहालयात होते. अडतीस वर्षं पिंजरे धुणं, खाणं घालणं, आजारी जनावरापाशी बसून राहणं, हेच. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी त्यांच्या जुन्या स्वेटरला पावसाळी हवेत अजून एक उग्र वास सुटतो आणि सासूबाई तो स्वेटर चिमटीत धरून बाल्कनीत नेऊन टाकतात. तिथला एक नियम ते आमच्या मुलीला वरचेवर सांगायचे. संध्याकाळी पिंजरे बंद करायला दोघांनी जायचं. पहिल्याने कडी लावून मोठ्याने "लागली" म्हणायचं. दुसऱ्याने ती कडी स्वतःच्या हाताने ओढून बघायची आणि मग "लागली" म्हणायचं. दोन "लागली" कानावर आल्याशिवाय पुढच्या पिंजऱ्याकडे पाऊल टाकायचं नाही.

मुलगी सात वर्षांची. दिसेल ते गोळा करून कोपऱ्यात साठवते म्हणून तिला सगळे मुंगी म्हणतात. तिने हा नियम उचलला तो खेळ म्हणून. फ्रीज, कपाट, डब्याचं झाकण, आजीच्या चष्म्याचं घर, सगळ्याला लागली आणि लागली. आजोबा-नातीचं हे भजन दिवसभर चालायचं आणि मी कामावरून आल्यावर माझ्या कपाळावर आठ्या चढायच्या. दिवसभर माणसांच्या तक्रारी ऐकून आलेल्या बाईला घरी आल्यावर तूरडाळीच्या डब्याचं झाकण लागलं की नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं.

तर आता मुद्द्याचं. पुढच्या महिन्यापासून माझी पाळी बदलणार होती. आतापर्यंत मी पहाटे जाऊन दुपारी एकच्या आत घरी असायचे. आता सकाळी दहाला जाऊन संध्याकाळी सहानंतर यायचं. मुंगीची शाळा दीडला सुटते. तिला शाळेतून आणायचं, जेवायला घालायचं आणि मी येईपर्यंत सांभाळायचं, हे कुणी करायचं? सासूबाईंचे गुडघे गेलेत, जिना उतरायचा म्हटलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळतं. नवरा क्रेनवर, त्याच्या वेळा देवालाही ठाऊक नाहीत. बाबा मात्र पाळीची बातमी कळल्या क्षणी म्हणाले, "मी आहे की." आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या रस्त्यावर एकटेच जाऊन किती वेळ लागतो ते बघूनही आले.

पण मागच्या थंडीत एक प्रकार झाला होता. ते मुंगीला वाचनालयात घेऊन निघाले. कोपऱ्यावरच्या वह्या-पेनांच्या दुकानापर्यंत गेले आणि त्यांना घराच्या कडीची आठवण झाली. मुलीला म्हणाले, इथेच थांब, मी आलोच. घरी आले, कडी ओढली, आणि मग पुन्हा ओढण्यात त्यांचा किती वेळ गेला कोण जाणे. पोरगी वीस मिनिटं दुकानाच्या पायरीवर एकटी बसली होती. दुकानदारीणबाईंनी तिला बिस्किट दिलं आणि मला फोन केला. तेव्हापासून नवरा म्हणत होता की बाबांचं काही खरं नाही. पलीकडच्या गल्लीत एक पाळणाघर आहे. तिथला फॉर्म मी आणला होता आणि तो न भरता पर्समध्ये घालून फिरत होते. भरला तर बाबांचं मन मोडणार. नाही भरला आणि पोरीला काही झालं, तर मी कुणाला तोंड दाखवणार?

जंगलाची सहल मुंगीसाठी होती. तिला बिबट्या बघायचा होता, खरा, पिंजऱ्याबाहेरचा. पण खरं सांगते, मी निघाले होते बाबांना बघायला. तीन दिवस सगळे एकत्र असू, बघू या माणूस कसा वागतो, परत आलो की काय ते ठरवू, असा माझा हिशेब.

निघायच्या दोन दिवस आधी नवऱ्याची सुट्टी रद्द झाली. मग एक मी, एक पोर आणि दोन म्हातारी माणसं. सहा तासांचा प्रवास, तीन बॅगा, गोळ्यांचा डबा, गुडघ्याचे पट्टे, बाबांच्या कानाच्या यंत्राची डबी आणि मुंगीला गाडी लागते म्हणून पिशव्यांचा गठ्ठा. घरातून निघताना नेहमीची सात मिनिटं गेलीच, वर बाबा कोपऱ्यावरून परत वळले. मी रिक्षात डोळे मिटून बसून राहिले. सासूबाई म्हणाल्या, "अडतीस वर्षं हा माणूस जनावरांचा वास घेऊन घरी यायचा. आता तुम्ही मलाच वासाच्या घरी घेऊन चाललाय."

पहिल्या संध्याकाळची फेरी म्हणजे निव्वळ धूळ. उघडी जीप, तीन रांगा, मागे चढण्या-उतरण्यासाठी एक फळी आणि तिला कडी. गाडी हाकणारा आणि जनावरं दाखवणारा माणूस एकच होता, कमी बोलणारा, उन्हाने रापलेला. त्याने निघताना सांगून टाकलं की काहीही झालं तरी खाली उतरायचं नाही, मग बूट पडो नाहीतर टोपी उडो. आम्ही माना डोलावल्या. बाबांनीही डोलावली, पण जीपच्या वाऱ्याने यंत्रात शिट्ट्या वाजतात म्हणून ते त्यांनी काढून डबीत ठेवलं होतं. त्यांना मी मागच्या रांगेत एकट्याला बसवलं. कडीजवळ बसले की रमतात, दुसऱ्याला त्रास नाही, एवढाच माझा विचार. दोन तासांत आम्हाला हरणांच्या पाठी दिसल्या आणि एक ससा. मुंगीने वळून ओरडून विचारलं, बिबट्या का येत नाही. बाबा तिच्या ओठांकडे बघून म्हणाले, "झोपला असेल. निम्मा दिवस झोपूनच असतात ते. आपल्यासाठी कोण जागं राहणार?"

त्यांचं जनावरांकडे लक्षच नव्हतं. ते बघत होते कुंपणाचे खांब, तारा, वाटेतली फाटकं. इतक्या लांब येऊन हा माणूस गंज बघतोय, असं माझ्या मनात आलं आणि मला त्यांचा राग आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला उठायचं होतं. आदल्या दिवसाच्या प्रवासाने माझी कंबर धरली होती. मुंगीला झोपेतच कपडे घातले, सासूबाईंना पट्टे बांधले, उकडलेली अंडी आणि केळी पिशवीत भरली. सगळ्यांना जीपमध्ये चढवेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले. गारठा एवढा की बोटं वळत नव्हती. आतल्या भागात शिरताना एक मोठं लोखंडी फाटक लागलं, गजांचं, दोन माणसांच्या उंचीचं. ते सताड उघडं होतं. गाडीवाल्याने सांगितलं की हे रात्रभर आणि सकाळी दहापर्यंत उघडंच ठेवतात, कारण जनावरं याच वाटेने तळ्यावर पाण्याला येतात. माझ्या कानावर पडलं, सासूबाईंच्या पडलं. बाबांचे कान डबीत होते.

फाटकापासून वळण घेऊन शंभरेक पावलांवर गाडी तळ्याकाठी थांबली. इंजिन बंद. पाण्यावर पंधरा-वीस हरणं होती आणि त्यांच्यातलं एक सारखं मान वर करून समोरच्या झाडीत बघत होतं. गाडीवाला कुजबुजला की तिकडे काहीतरी आहे. झालं, दुर्बीण एक आणि बघणाऱ्या तिघी. मुंगीला मांडीवर घेऊन मी झाडीतलं पान न् पान धुंडाळत होते. त्याच वेळी मागे कडीचा आवाज झाला. खट, मग खट, मग जरा थांबून आणखी एक खट. मी ऐकला तो. नऊ वर्षं रोज ऐकते आहे. वळून बघावं असं त्यात काय होतं?

झाडीतून काहीच आलं नाही. हरणं पाणी पिऊन निघून गेली. पलीकडच्या टेकडीवर बघू या, असं म्हणत गाडीवाल्याने किल्ली फिरवली आणि समोर बघतच विचारलं, "सगळे आहेत ना?"

मी दुर्बिणीची दोरी सोडवत होते. म्हटलं, "हो."

टेकडीच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा मुंगी केळ्याचं साल कुठे टाकू म्हणून मागे वळली. तिने साल हातात तसंच धरलं आणि म्हणाली, "आजोबा कुठेत?"

मागची रांग रिकामी होती. फळी नीट बंद, कडी लावलेली. सासूबाईंनी माझा दंड धरला तो एवढा घट्ट, की पुढे चार दिवस बोटांचे वळ होते. गाडीवाल्याने तिथल्या तिथे गाडी वळवली.

ती परतीची पाच-सहा मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत. तळं आलं. तिथे कुणी नव्हतं. वळण घेतलं आणि समोर फाटक दिसलं.

फाटक बंद होतं. बाबा आमच्या बाजूला फाटकाला लागून उभे होते. त्यांच्या पायांशी, गवतात, रानडुकराची पाच पिल्लं होती, पाठीवर पट्टे असलेली, मांजराएवढी. ती गजांच्या फटीतून सरळ अलीकडे आली होती. त्यांची आई पलीकडे राहिली होती. ती डोक्याने फाटकावर धडक मारायची, दोन पावलं मागे जायची आणि पुन्हा धडक मारायची. सगळं लोखंड हादरत होतं. पिल्लं किंचाळत होती. एखादं पिल्लू बाबांच्या बुटावर चढलं की ती आणखी चवताळायची.

गाडीवाल्याने चाळीस पावलांवर गाडी उभी केली आणि हात मागे करून आम्हाला गप्प बसायला सांगितलं. पुढे घ्यावी तर इंजिनच्या आवाजाने ती काय करील याचा नेम नाही, आणि बाबांना पळत या म्हणावं तर पिल्लं पायात. त्याच्या कपाळावर त्या थंडीतही घाम आलेला मला दिसला.

बाबांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. हात कडीवर ठेवून ते उभे होते. अंगात घाई नव्हती. मला तर ते एकदम उंच वाटले. दोन धडकांच्या मधल्या वेळात त्यांनी कडी सरकवली आणि फाटक पायाने अडवून धरलं. मग ते दार आपल्याकडे ओढत, दाराबरोबरच मागे मागे सरकत गेले आणि दार व कुंपण यांच्यामधल्या सापटीत उभे राहिले. म्हणजे फाटक पुरतं उघडलं तेव्हा ते त्याच्या आड होते. डुकरीण बंदुकीच्या गोळीसारखी आत आली, पिल्लांभोवती एक गिरकी घेतली, आमच्या गाडीकडे एकदा रोखून बघितलं आणि पाचही पिल्लांना घेऊन झुडपात नाहीशी झाली. सगळं मिळून अर्धं मिनिटही झालं नसेल.

"हे काम यांनी आधी केलेलं दिसतंय," गाडीवाला हळूच म्हणाला.

बाबा दाराआडून बाहेर आले आणि त्यांचा हात सवयीने पुन्हा फाटक लोटायला गेला. गाडीवाल्याने हातानेच नको-नको केलं, असू द्या, उघडंच असतं ते. ते त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग ते दाराला धरून तसेच उभे राहिले, उघड्या वाटेकडे बघत.

तेवढ्यात मला वाचा फुटली. मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. सासऱ्यांशी असं बोलत नाहीत एवढं खरं. शेवटी "बसा आता गाडीत" म्हणाले तेही लहान मुलाला दटावावं तशा आवाजात. ते चढले, बसले, फळी लावली. कडी त्यांनी एकदाही ओढून बघितली नाही.

जंगलखात्याच्या कचेरीत एक टेबल, एक पंखा आणि छापील फॉर्मांचा गठ्ठा. प्रवासी खाली उतरला की लिहून द्यावंच लागतं, नाहीतर गाडीवाल्याचा परवाना जातो. त्याने उभ्यानेच सगळं लिहिलं आणि सहीसाठी कागद माझ्याकडे सरकवला. अक्षर बाळबोध होतं. निघण्यापूर्वी 'सगळे आहेत ना' असे विचारले. प्रवाशांनी 'हो' असे उत्तर दिले. तो माझ्या नजरेला नजर न देता म्हणाला, "ताई, झालं ते लिहावं लागतं." मी सही केली. आमच्या उरलेल्या दोन्ही फेऱ्या रद्द झाल्या.

खोलीवर आलो तेव्हा दुपार झाली होती. मुंगी पलंगावर पालथी पडून रडत होती, बिबट्या गेला म्हणून. सासूबाई पट्टे सोडून पाय लांब करून बसल्या होत्या. बाबा खुर्चीच्या कडेवर, पायात बूट तसेच. त्यांनी डबीतून यंत्र काढून कानात घातलं आणि ऐकायला तयार असल्यासारखे माझ्याकडे तोंड करून बसले. मी दमले होते. दमलेल्या माणसाने ठरवलेल्या गोष्टी बोलू नयेत, पण मी बोलले. म्हटलं, पुढच्या महिन्यापासून मुंगी पाळणाघरात जाईल. फॉर्म आणलेला आहे.

"माहितेय मला," बाबा म्हणाले. "तुझ्या पर्समध्ये गोळ्या शोधताना बघितला होता."

मग ते मुंगीच्या पाठीकडे बघत बोलायला लागले, आणि जे बोलले ते आमच्यापैकी कुणीही आजवर ऐकलेलं नव्हतं. एकोणतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा संग्रहालयात तरसाची एक मादी होती, अगदी दूधपिती असताना आणलेली. बाबांनीच तिला बाटलीने वाढवली. मागचा पाय अधू म्हणून सगळे तिला लंगडी म्हणायचे. त्या आठवड्यात दोन माणसं रजेवर होती आणि बाबा सलग सोळा-सोळा तास काम करत होते. संध्याकाळी पिंजरे बंद करायला गेले तेव्हा पहिला माणूस कडी लावून "लागली" म्हणाला. बाबा नळावर पाय धूत उभे होते. चार पावलांचं अंतर. ते तिथूनच "लागली" म्हणाले.

सकाळी लंगडी वैरणीच्या खोलीमागे सापडली. शाळेची मुलं यायची वेळ झाली होती. बंदूकवाले आले.

"झोपली होती ती," बाबा म्हणाले. "कुणाला काही केलं नव्हतं. झोपेतच गेली."

चौकशी झाली. अहवालात आलं की कडी झिजलेली होती. कुणाला शिक्षा नाही, कुणाचं नाव नाही, नव्या कड्या आल्या आणि विषय मिटला. आपण कडीला हात लावला नव्हता, हे एकट्या बाबांना माहीत होतं. आज सकाळी ते मागे बसले होते, फाटक सताड उघडं टाकून गाडी पुढे आली असं त्यांना वाटलं, आणि त्यांना बसवेना. आम्ही सगळे पाण्याकडे बघत होतो. चटकन लावून येतो, असं त्यांच्या मनात होतं.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मी एकोणतीस वर्षं समजत होते, की माझ्या हातावर भरवसा नाही म्हणून तुम्ही मागून कड्या ओढता." बाबांनी नाही अशी मान हलवली.

मला माझं सकाळचं "हो" आठवत होतं. ते बाबांनी काढलं नाही. त्या कागदावर माझी सही त्यांनी बघितली होती, तरी काढलं नाही. शेवटी मीच म्हणाले, की बाबा, मी पण न बघताच हो म्हटलं. आणि मला रडू आलं. लाजेचंही होतं आणि थकव्याचंही.

"खोटं बोलायचा विचार नसतो गं तेव्हा," ते म्हणाले. "दमलेला असतो माणूस." मग म्हणाले, "पण तुझा कागद बरोबर आहे. भर तो. मी आज पोरीला गाडीत सोडून गेलो."

मुंगी केव्हाची रडायची थांबून उठून बसली होती. तिने विचारलं की लंगडी बाटलीने दूध प्यायची तेव्हा डोळे मिटायची का. बाबा म्हणाले, एकच मिटायची.

परतीच्या सहा तासांत मी काय ठरवलं म्हणाल तर काहीच नाही. मुंगी आजोबांच्या मांडीवर झोपली आणि ते अवघडलेला पाय न हलवता सगळा वेळ तसेच बसले. मी खिडकीतून बघत राहिले. आगारात लांबच्या गाडीवर आम्ही एकट्या दमलेल्या माणसाला कधी सोडत नाही, निघताना दोघांच्या सह्या लागतात. मी रोज दुसऱ्यांच्या घरच्या माणसांचे तक्ते लावते, माझ्या घरच्या या माणसाची पाळी मात्र एकोणतीस वर्षं कुणी सोडवायला आलं नव्हतं, आणि आम्ही वर त्याचं नाव ठेवून हसत होतो. मला फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर एक तक्ता केला आणि फ्रीजवर चिकटवला. दुपारपाळी, दोघं. शाळेतून आल्यावर आणि बाहेर पडताना कडी एकदा आजोबा ओढणार, एकदा मुंगी. दोघांचं "लागली" झालं की विषय संपला. तिसऱ्यांदा ओढायचं नाही आणि अर्ध्या वाटेवरून वळायचं नाही. वळावंसंच वाटलं तर दोघांनी मिळून वळायचं. नवऱ्याने तक्ता वाचून खांदे उडवले. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, "आणि कागद?" मी म्हटलं, ड्रॉवरमध्ये आहे, भरलेला नाही, फाडलेलाही नाही. ते म्हणाले, ठीक आहे. कान मात्र दिवसभर डबीबाहेर ठेवायचे, हे मी तक्त्यात खाली बारीक अक्षरात घातलं.

नव्या पाळीचा पहिला आठवडा. सहा वाजून गेले होते आणि दिवसभर खुर्चीवर बसून माझे पाय सुजले होते. जिन्यात मला आमच्याकडे पार्सल देऊन खाली निघालेला माणूस भेटला. म्हणजे दार आत्ताच बंद झालं होतं. मी वर पोचले तर आतून बाबांचं "लागली" ऐकू आलं, आणि लगेच लांबून, बहुधा टीव्हीसमोरून, मुंगीचं "लागली".

मी किल्ली हातात धरून थांबले.

"हात लावलास का?" बाबांचा आवाज. ओरडणं नव्हतं त्यात, पण असा आवाज त्यांनी तिच्याशी कधी काढला नव्हता.

मुंगी म्हणाली, "नाही."

"मग ये."

टीव्ही बंद झाला. छोटी पावलं दारापर्यंत आली आणि माझ्या नाकासमोर आतली कडी खडखडली.

"लागली," मुंगी म्हणाली.

"दमलीस का गं?" बाबांनी विचारलं. ती हो म्हणाली असावी, कारण मग त्यांनी तिला उचलून घेतल्याचं ऐकू आलं, गुडघे कडकडल्याच्या आवाजासकट. पावलं आत गेली. बाबा परत आले नाहीत. मी वाट बघितली, दोन मिनिटं, तीन मिनिटं. दाराशी कुणी आलं नाही.

मग मी बाहेरून हात पुढे केला आणि दार एकदा ओढून बघितलं. लागलं होतं. मी बेल वाजवली.